दीड बोट

तिचं खरं आडनाव वेगळं होतं, पण गल्लीत तिला सगळे दोनबोटेबाई म्हणत. कुत्र्याचे केस किती ठेवायचे हे ती पट्टीने कधी मोजत नसे. केसांत बोटं आडवी घालायची आणि सांगायचं, पाठीवर दोन बोटं, पायांवर एक, पोटाखाली काहीच नको. बहुतेकांचं शेवटी दोन बोटांवर येऊन ठरे, म्हणून कुणीतरी गमतीने हे आडनाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकदा तर टपालाने आलेल्या पाकिटावरही तेच लिहिलेलं होतं. पोस्टमनने काही न विचारता ते तिच्या हातात दिलं.

तिचं दुकान म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागची एक लांबट खोली. एका भिंतीला कमरेइतक्या उंचीवर बसवलेला टब, मधोमध रबरी चटई लावलेलं टेबल, खुंट्यांवर ब्रश आणि स्टीलचे कंगवे. खिडकीच्या खालच्या काचांना तिने कागद चिकटवला होता, कारण रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की टेबलावरचं कुत्रं उडी मारायला बघे.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "घरी विंचरतं कोण?" आणि दुसरा, "रोज किती वेळ?"

लोक छातीवर हात ठेवून सांगत, अर्धा तास तरी. ती मनातल्या मनात त्याचं पाव करी आणि त्यावरून लांबी सांगे. केस कुठवर ठेवायचे हे कुत्र्याच्या रूपावर नाही, घरातल्या हातांवर ठरतं, असं तिचं म्हणणं होतं. मऊ, लांब केसांच्या कुत्र्याचा गळलेला केस खाली पडत नाही, उभ्या केसांतच अडकून बसतो. दोन दिवस कंगवा फिरला नाही की गुंता, आठवड्यात गाठ, महिन्यात जट. काखेत, कानामागे, पट्ट्याखाली, जिथे म्हणून घासतं तिथे आधी.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अडतीस वर्षांची होईपर्यंत ती बायकांचे केस कापत असे. पार्लरमध्ये तिचा हात फार चांगला समजला जाई, लग्नाआधी मुली तिच्याचकडे नंबर लावत. मग केस रंगवायच्या रसायनांनी तिच्या बोटांना भेगा पडू लागल्या. हातमोजे घालून पाहिले, मलमं लावून पाहिली. पोळलेल्या हातांनी घरी भांडीसुद्धा घासवेनात, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे काम सोडा. बसवर ड्रायव्हर असलेला नवरा म्हणाला, "सोड, आपलं भागेल." ती आठ दिवस घरात बसली आणि नवव्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना आंघोळ घालायला माणूस हवंय असं कळताच उठून गेली. तोवर तिला कुत्र्यांची भीती वाटे. सासूबाई म्हणाल्या, "माणसांची डोकी संपली का गं?" पण जाताना पदर नीट खोचून घे, नाहीतर कुत्रं ओढेल, हेही त्यांनीच सांगितलं.

पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक गोष्ट घडली. एका बाईंच्या कुत्रीच्या अंगावर जटा होत्या आणि बाईंना केस जराही कमी करायचे नव्हते. आपला हात सगळ्यांना दिसावा, असं हिच्याही मनात होतंच. साडेतीन तास बसून तिने एकेक गाठ सोडवली. केस वाचले. बाई खूश होऊन गेल्या. कुत्रीच्या काखा आणि मांड्या मात्र ओढून ओढून लालबुंद झाल्या होत्या, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. त्यानंतर ती कुत्री दवाखान्याच्या कोपऱ्यावर आली की जागीच मुतायची. डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावून एवढंच विचारलं, "केस कुणासाठी वाचवलेस?" त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. जट असेल तर जट काढायची, केसांचा मोह धरायचा नाही.

या कामात तिला चौदा वर्षं झाली, तेव्हा मोजणीवाले काका तिच्याकडे आले.

काका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उंच, ताठ, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक घडीची पट्टी. काखोटीला एक पांढुरकं कुत्रं. नाव बोळा. पिल्लू असताना कापसाच्या बोळ्यासारखं होतं म्हणून काकूंनी ठेवलेलं. आता त्याचे केस जमिनीला टेकत होते, पण ते केस राहिले नव्हते, घट्ट दाबलेल्या लोकरीचा नुसता नमदा झाला होता.

"विंचरतं कोण?" तिने विचारलं.

"आमची ही विंचरायची. सहा वर्षं, रोज दुपारी, चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलंय," काका म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. गुरुवारी घरी आणतोय. ती हॉस्पिटलात गेली तेव्हा हा जसा होता, तसा मला तो करून द्या."

"आणि हे दोन महिने?"

"मी दर रविवारी आंघोळ घालत होतो. उत्तम शाम्पू आणला होता."

तिने कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला. विंचरल्याशिवाय आंघोळ घातली की गाठ भिजते, आवळते आणि वाळली की घट्ट होते. आठ रविवार काकांनी इमानेइतबारे त्या कुत्र्याच्या अंगावर घोंगडी विणली होती. तिने स्टीलचा कंगवा घेऊन पाठीवर टेकवला. नखभर आत गेला आणि थांबला.

"हे बघा काका. कंगवा कातडीपर्यंत जायला हवा. इथे भिंत आहे. हे सगळं मुळापासून काढावं लागेल."

"सगळं? फक्त गाठी कापा ना."

"सगळी गाठच आहे. मधून मधून कापलं तर कसर लागलेल्या शालीसारखा दिसेल. आणि त्याला दुखतंय आत्ताही. कातडी ओढली जातेय बघा, पाय टाकताना."

काकांनी बोळ्याला उचललं. "तिला मी काय तोंड दाखवू?" असं म्हणून ते निघून गेले. तिने अडवलं नाही. असे जाणारे बरेच असत, आणि त्यांतले निम्मे परत येत.

काका दुसऱ्याच दिवशी सकाळी आले, पण आधी पुढच्या दारातून डॉक्टरांकडे. घरच्या कात्रीने त्यांनी कानामागची एक गाठ कापायला घेतली होती. जट कातडी वर ओढून धरते. कुठे केस संपला आणि कुठे चामडी लागली हे कळत नाही. दोन टाके पडले. टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी बोळ्याला स्वतः मागच्या खोलीत आणून टेबलावर ठेवलं. काका दारात उभे राहिले. पेनं खिशात होती, पट्टी नव्हती.

"काढा," ते म्हणाले.

तिने मशीनला सगळ्यात बारीक ब्लेड लावलं आणि मानेपासून सुरुवात केली. जटेखाली मशीन सरकवायचं, घाई करायची नाही, दर दोन मिनिटांनी ब्लेड आपल्या मनगटाला लावून बघायचं, तापलं असेल तर थांबायचं. पाठीवरची जट एका तुकड्यात निघाली, बाह्या नसलेल्या स्वेटरसारखी. खाली कातडी गुलाबी होती, काखेत कच्ची झाली होती, आणि डाव्या काखेत गवताचं एक कुसळ रुतून बसलं होतं. ते चिमट्याने काढलं तेव्हा बोळ्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

पाऊण तासाने तिने त्याला खाली सोडलं. त्याने अंग झाडलं, दोन पावलं टाकली, थबकला, पुन्हा अंग झाडलं आणि मग खोलीभर असा काही सुटला की टबाखालची बादली आडवी झाली.

"हा आमचा नव्हेच," काका म्हणाले. "दोन महिन्यांत पळाला नव्हता हा. मला वाटलं, तिची आठवण येत असेल."

"तीही येत असेल," ती म्हणाली.

गुरुवारी काकू घरी आल्या. शनिवारी काकांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "ताई, तिला तुम्हाला भेटायचंय. घरी येता का?"

ती कुणाच्या घरी जात नसे. पण रविवारी दुकान बंद होतं आणि घर जवळच होतं. शिव्या खायची तयारी ठेवूनच तिने दाराची बेल वाजवली.

काकू खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. बोळा पायाशी. काकू बोलत ते शब्द मोजून घेतल्यासारखे येत, पण एकही चुकीचा येत नसे.

"तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "यांच्यावर आहे. मी रोज फोनवर विचारायचे, विंचरलंत का. रोज हो म्हणाले. साठ दिवस."

काका पाणी आणायला आत गेले ते तिथेच राहिले.

"यांना वाटलं, मला त्रास नको," काकू म्हणाल्या. "हॉस्पिटलातही सगळ्यांना तेच वाटायचं." डाव्या हाताने त्यांनी रुमालाची गाठ सोडली. त्यांची वेणी कमरेपर्यंत होती हे भिंतीवरच्या फोटोत दिसत होतं. आता डोक्यावर जे होतं ते एका बाजूला दोन बोटं, एका बाजूला चार, मागे जवळजवळ काहीच नाही. झोपून झोपून वेणीचा मागे गोळा झाला होता. एका सकाळी कुणीतरी कात्री आणली आणि कापून टाकलं. "कापायला हवं होतं. मला कळतं. पण विचारलं नाही. मला वाटायचं, नीट बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं समजतात."

दोनबोटेबाईंचं लक्ष त्या कापलेल्या डोक्याकडे सारखं जात होतं. मागच्या बाजूची ती ओबडधोबड पायरी तिला बघवत नव्हती.

"काकू, मी पूर्वी बायकांचे केस कापायचे," ती म्हणाली. "चौदा वर्षं झाली. सारखे करून देऊ का? तुम्हाला हवं असेल तर. नको म्हणालात तर नको."

काकूंनी डाव्या हाताने मागची ती पायरी चाचपली. मग म्हणाल्या, "करा. पण समोर आरसा धरा."

काकांना आरसा धरायला बाहेर बोलावलं. कात्री घरातलीच होती, तिला धार नव्हती, तरी तिने अर्ध्या तासात मान मोकळी करून दिली. काकूंनी आरशात दोन्ही बाजू पाहिल्या, रुमालाची घडी करून तो बाजूला ठेवला आणि लगेच मूळ विषयावर आल्या.

"आता बोळ्याचं सांगा. केस परत वाढतील ना? मला ते पूर्वीसारखे हवेत."

"वाढतील. विंचरणार कोण?"

"मी."

"कंगवा घ्या. दाखवा मला."

बोळ्याच्या अंगावर तेव्हा विंचरण्याजोगं काही नव्हतंच, फक्त शेपटीत जट नव्हती म्हणून ती तिने वाचवली होती. काका त्याला मांडीवर धरून बसले. काकूंनी डाव्या हातात कंगवा धरला. पहिली दोन मिनिटं तो वेडावाकडा चालला, मग जमला, मग सातव्या मिनिटाला दंड खाली आला आणि कंगवा जमिनीवर पडला.

"सात," काका म्हणाले. त्यांचं घड्याळाकडे लक्ष होतंच.

"मग केस सात मिनिटांचे ठेवायचे," दोनबोटेबाई म्हणाल्या. "सात मिनिटांत कातडीपर्यंत कंगवा फिरतो तेवढेच. त्याहून लांब ठेवले तर पुन्हा तेच होईल."

"सात मिनिटांत किती लांबी मावते?" काकांनी विचारलं.

"ते वाढतील तसं कळेल."

"असं अंदाजपंचे? मी पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजल्या, आणि तुम्ही बोटाने मोजता! कुणाचं बोट? माझं की तुमचं?"

"माझं," ती म्हणाली. "कात्री माझ्या हातात असते."

काकू हसल्या. अर्धाच चेहरा हसला, पण आवाज पुरा आला.

त्यानंतरचे पाच महिने काकांनी त्या कामाला वाहून घेतलं. दर पाच आठवड्यांनी ते बोळ्याला घेऊन दुकानात येत, सोबत वही. वहीत तारीख, पाठीवरच्या केसांची लांबी पट्टीने मोजून, आणि त्या दिवशी विंचरायला लागलेला वेळ. एक बोट झाले तेव्हा चार मिनिटं लागत. दीड बोटाला सात. दोन बोटं झाली आणि वेळ एकदम चौदा मिनिटांवर गेला, काकूंचा हात निम्म्यातच खाली येऊ लागला, तिसऱ्या आठवड्यात दोन्ही काखांत सुपारीएवढ्या गाठी सापडल्या. काकांनी त्या गाठी वहीत आकृती काढून दाखवल्या.

"म्हणजे दीड," काका म्हणाले. "म्हणजे तुमच्या बोटाने अठ्ठावीस मिलिमीटर."

"सत्तावीस," ती म्हणाली. "उन्हाळ्यात माझी बोटं सुजतात."

काकांनी ते लिहून घेतलं. ती थट्टा करत होती हे त्यांना घरी गेल्यावर काकूंनी सांगितलं.

शेवटी असं ठरलं. अंगावर सगळीकडे दीड बोट. काखा, पोट, कानामागचा भाग आणि शेपटीखालची जागा मशीनने साफ. पंजांमधले केस तळव्याबरोबर. कान काकूंना लांब हवे होते. तिने नाही म्हटलं, जेवताना ते भांड्यात बुडतात आणि वाळून त्यांच्या दोऱ्या होतात. काकूंनी कान सोडले, पण शेपटीवर अडून बसल्या. "शेपटी माझी," त्या म्हणाल्या. शेपटीला दीड मिनिट लागे आणि ते दीड मिनिट त्या सात मिनिटांच्या आधी, हाताला जोर असताना घालणार होत्या. म्हणून शेपटी लांब राहिली. आखूड केसांच्या आणि जमीन झाडणाऱ्या शेपटीच्या त्या कुत्र्याकडे रस्त्यात लोक वळून बघत. दोनबोटेबाईंना तो ध्यान दिसे. पण शेपटीत एकदाही गाठ सापडली नाही, तेव्हा तिने तो विषय सोडून दिला.

काकूंचा उजवा हात कधीच पूर्वीसारखा झाला नाही. डावा मात्र तयार झाला. दुसऱ्या वर्षी त्या अकरा मिनिटं विंचरू लागल्या आणि एक दिवस स्वतः काठी टेकत दुकानात आल्या, दोन बोटं द्या म्हणायला. बरीच हुज्जत झाली. महिनाभर करून बघू, असं ठरलं. महिन्याने कानामागे गाठ निघाली. काकूंनी ती स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिली, "बरं, दीड," म्हणाल्या आणि स्टुलावर बसून वाट पाहू लागल्या. त्यांच्या डोक्यावरचे केसही त्यांनी वाढवले नव्हते. वेणी एका हाताने घालता येत नाही आणि यांच्या हातची वेणी मला नको, असं त्या सांगत. ते केस कापायला त्या एका नेहमीच्या पार्लरमध्ये जात. दोनबोटेबाईंना पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनेही सुचवलं नाही.

असं सहा वर्षं चाललं. मग बोळा म्हातारा झाला. डॉक्टरांनी कानाला नळी लावून ऐकलं आणि हृदय मोठं झालंय म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. टेबलावर उभं राहताना त्याचे मागचे पाय लटपटू लागले. दीड बोटाचं काम नीट करायचं म्हणजे आंघोळ, वाळवणं, विंचरणं, कात्री, सगळं मिळून सव्वा तास. अर्ध्या तासातच तो धापा टाकू लागे. तिने काम दोन दिवसांत वाटून पाहिलं, मधे मधे त्याला बसवून पाहिलं. सांगायचं कसं, याचा ती विचार करत होती. केस दीड बोटाखाली नेणं काकूंना लागेल, असं तिला वाटत होतं.

त्या खेपेला काकूही आल्या होत्या. बोळ्याला टेबलावर ठेवलं, त्याचे पाय फाकले, पोट चटईला टेकलं. काकांनी वही उघडली.

"ती मिटा," काकू म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "ताई, इतकी वर्षं माझ्या हाताला झेपेल तेवढं ठेवलंत. आता याच्या पायांना झेपेल तेवढं ठेवा. तो किती वेळ उभा राहू शकतो?"

"उभा नाहीच राहू शकत फारसा. आडवा ठेवून करीन. वीस मिनिटांत होईल असं करायचं तर सगळं बारीक करावं लागेल. नखभर."

"आणि शेपटी?"

तिने कंगवा काकूंच्या हातात दिला. काकूंनी शेपटी हातात घेतली, तीन-चारदा कंगवा फिरवला आणि सोडली.

"करा," त्या म्हणाल्या.

तिने टॉवेलची घडी करून त्यावर बोळ्याला कुशीवर निजवलं. काकांनी डोकं धरलं, काकूंनी पुढचा पंजा. मशीनचा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. त्याने कान हलवला आणि डोळे मिटले. एक कूस झाल्यावर तिघांनी मिळून त्याला वळवलं. शेपटी तिने सगळ्यात शेवटी केली, मशीन न लावता, कात्रीने. एकोणीस मिनिटं लागली. बोळा तोवर झोपला होता, म्हणून त्याला उठवलं नाही. पुढचं गिऱ्हाईक बाहेर बाकावर आलं होतं. तिने दार किलकिलं करून त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि खाली वाकून फरशीवरचे केस गोळा करायला घेतले.